सहमचा नऊ नंबर

प्रिय एर्विन,

कातरीनाचा फोन शुक्रवारी आला. मी आणि मार्था रुवीच्या चर्चमधून सुटीच्या दिवशीची मिस्सा आटोपून घरी चाललो होतो. फोनवर एक मुलगी जपून, एकेक शब्द मांडत इंग्रजीत विचारत होती की तुम्ही सहमचे इनास का? मला सहमचा म्हणून कुणी हाक मारल्याला आता किती वर्षं झाली! मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, मी एर्विनची मुलगी, आणि पुढचं वाक्य तिनं दोनदा अर्धवट सोडलं. तू गेलास हे मला त्यावरूनच कळलं.

आठ महिने आजारी होतास म्हणे. ईस्टरला आपण फोनवर बोललो तेव्हा तुला ठाऊक होतं ना? मी विचारलं, तब्येत कशी आहे, तर मला म्हणालास, वजन उतरलंय, आता पुन्हा फॉरवर्ड खेळू शकेन. आणि मी हसलो. मला हसवून फोन ठेवलास, हे काही बरं केलं नाहीस.

ऑस्ट्रियातल्या तुझ्या गावच्या वर्तमानपत्रात तुझ्या फुटबॉलच्या कारकिर्दीवर अर्धं पान छापून आलंय. कातरीनानं मला ते इंग्रजीत वाचून दाखवलं. तुझे गोल, तुझे क्लब, राष्ट्रीय संघातला तुझा एकुलता एक सामना, सगळं आहे. ओमानबद्दल एकच ओळ आहे: त्यानंतर तो काही काळ ओमानमध्ये होता. काही काळ! पाच वर्षं होतास तू इथे. तिला तेच विचारायचं होतं. पुढच्या रविवारी गावात तुझ्यासाठी लोक जमणार आहेत, तिथे वाचायला या वर्षांबद्दल काहीतरी लिहून द्याल का, असं ती म्हणाली.

मी इंग्रजीत लिहायला बसलो तर रजेच्या अर्जासारखं व्हायला लागलं. म्हणून मराठीत लिहितोय. आमची लेक अनिता ते इंग्रजीत करून पाठवणार आहे. तिचं मराठी अडखळत चालतं हे तुला माहीत आहे, त्यामुळे मी सोपी वाक्यं लिहितोय. तशीही मला अवघड येत नाहीत.

तू आलास तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. विमानतळावर तुला आणायला क्लबचा ड्रायव्हर जायचा होता, पण तो आलाच नाही, म्हणून अर्बाबनं मला पिकअप घेऊन पाठवलं. अर्बाब म्हणजे आमच्या क्लबचा अध्यक्ष आणि खरं तर मालकच. मी क्लबचा मालिशवाला. त्याआधी रुवीतल्या एका हॉटेलात पाहुण्यांच्या पाठी रगडत होतो. ऑफिसातल्या पुण्याच्या क्लार्कनं माझ्या हातात तुझ्या नावाची पाटी दिली होती. त्याला एर्विन हे नाव असूच शकत नाही असं वाटलं असावं, त्यानं पाटीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'अरविंद' लिहिलं होतं. ती पाटी धरून मी उभा, आणि समोरून सहा फुटांचा, उन्हानं आधीच लाल झालेला माणूस आला. पाटी वाचून म्हणालास, जवळपास तेच आहे.

माझ्या बायकोनं, मार्थानं, मात्र तुला शेवटपर्यंत अरविंदभाऊच म्हटलं. तुलाही ते आवडायचं, नाही का?

सहमच्या पुढच्या त्या गावात तेव्हा काय होतं? समुद्र, खजुराची झाडं, मच्छीमारांच्या होड्या आणि अर्ध्या गवताचं, अर्ध्या मातीचं आमचं मैदान. पिकअपमधून उतरलास, मैदानाकडे बघितलंस आणि कितीतरी वेळ गोलपोस्टसमोर जाऊन उभा राहिलास. मला वाटलं, हा आता परत जातो. तू मात्र तिथली जमीन पायानं दाबून बघत होतास. गोलपोस्टच्या समोर उभं कुठे राहायचं, हे आधी ठरवत होतास.

ते मला नंतर कळलं. माझ्या टेबलावर पालथा पडून तू सगळं सांगायचास. तुझा बाप लाकूड कापायच्या कारखान्यात होता, आणि फळ्यांचे दोन ढीग हाच तुझा पहिला गोल. तू लहानपणापासून हळू. गावच्या कोचनं तुला सांगितलं होतं की तुला पळता येणार नाही, तेव्हा थांबायला शीक. आणि तू शिकलास. पंधरा वर्षं तू फक्त योग्य जागी थांबून गोल केलेस. मोठ्या क्लबात गेलास, पेपरात फोटो आले. मग एकदा राष्ट्रीय संघाचं बोलावणं. सामना परक्या देशात, शेवटची सात मिनिटं बाकी असताना तुला मैदानात उतरवलं. बॉल तू थांबला होतास तिथेच आला. तू मारलास. खांबाला लागला.

पुन्हा तुला कधी बोलावलं नाही. हे सांगताना तुझ्या आवाजात कडवटपणा नसायचा. फक्त सांगून झालं की पायाचा तळवा थोडा हलायचा, तेव्हा माझे हात तिथेच असायचे.

पेपरात मात्र ती अकरा मिनिटं दिली आहेत, एर्विन. कातरीनानं वाचून दाखवलं तेव्हा मी तिला थांबवून पुन्हा वाचायला लावलं. लोक आपलं वाढवून सांगतात, तू चार मिनिटं कमी करून सांगत होतास. का? अकरा मिनिटांत एक गोल तरी व्हायला हवा होता असं वाटायचं का तुला?

आता गुडघ्याचं लिहायला हवं.

पहिल्याच दिवशी तू टेबलावर आडवा झालास आणि माझा हात तुझ्या डाव्या गुडघ्यावर गेला. टाक्यांचे दोन जुने वण आणि आत सूज. मी हात तिथेच ठेवला. क्लबनं तुझे कागद बघून तुला घेतलं होतं. गुडघा कुणी बघितला नव्हता. तू मान वळवून म्हणालास, "इनास, हे तुझ्या हातात राहू दे."

मी ठेवलं. पहिला पूर्ण हंगाम कुणाला बोललो नाही. तू गोल करत होतास, गाव खूश होतं. दुकानदार तुझ्याकडून पेप्सीचे पैसे घ्यायचे नाहीत. म्हातारे मच्छीमार तुला बघून छातीवर हात ठेवायचे. दर शुक्रवारी दुपारी तू टेलिफोनच्या बूथवर जायचास, कार्ड घालून कातरीनाशी बोलायचास. ती तेव्हा आठ वर्षांची होती, तिच्या आईजवळ राहायची. बूथमधून बाहेर आलास की तडक आमच्या घरी. मार्थाच्या हातचं बांगड्याचं आंबट खाऊन तुझ्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि ते तिखटामुळेच आहे असं आम्ही सगळे धरून चालायचो. 'पुरे' आणि 'अजून' हे दोन मराठी शब्द तू शिकलास. 'पुरे' कधी वापरलास असं मला आठवत नाही.

दुसऱ्या हंगामात गुडघा ऐकेनासा झाला. सामन्याच्या आधी गावातल्या एका दवाखान्यात जाऊन तू इंजेक्शन घ्यायला लागलास. मी बरोबर यायचो, बाहेर बसायचो. मार्थाला मी सांगितलं होतं, तिच्यापासून काही लपत नाही. तिनं मला एकदाच विचारलं की तो तुझा मित्र असेल तर तू त्याला थांबवत का नाहीस, आणि मित्र नसेल तर त्याच्याबरोबर दवाखान्यात कशाला जातोस. पुढच्या सामन्याआधीही मी दवाखान्याबाहेर जाऊन बसलो.

मग सलालाह, ओमानच्या पार दक्षिणेला. कपची सेमीफायनल. आमच्यासारख्या क्लबासाठी तिथवर पोचणं हीच मोठी गोष्ट होती. बसनं एवढं लांब जाऊन उतरलो आणि नारळाच्या बागा बघून मला आमच्या वसईला आल्यासारखं वाटलं. रस्त्याकडेच्या टपरीवर मी तुला शहाळं प्यायला शिकवलं. तू ते संपवून विचारलंस, आता यात हवा कुठून भरायची. किती हसलो होतो आपण त्या दिवशी!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या खोलीत आलो. दार उघडंच होतं. तू खाटेच्या कडेला बसला होतास आणि डाव्या पायात मोजा घालायचा प्रयत्न करत होतास. गुडघा वाकत नव्हता. तू मोजा पायाच्या दिशेनं टाकायचास, बोटांत अडकतोय का बघायचास, पुन्हा उचलायचास. असं तीनदा. मी दारातून मागे फिरलो. मी आलो होतो हे तुला कळलं नाही, आणि मी ते तुला नंतरही कधी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतोय.

तिथून मी सरळ अर्बाबच्या खोलीत गेलो. तो नाश्ता करत होता. मी सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासूनचं. त्यानं चहाचा पेला खाली ठेवला आणि मला विचारलं की तू हे मला दीड वर्षानं का सांगतोस. मी म्हणालो, तो माझा मित्र आहे. अर्बाब म्हणाला, "मग आज तू काय करतोयस?"

एर्विन, मी तेव्हा खरं कारण सांगितलं नाही. मला तुझ्या पायाची भीती वाटत होतीच. पण मला स्वतःचीही भीती होती. तू मैदानात कोसळला असतास तर सगळे मालिशवाल्याकडेच बघणार होते, हेही माझ्या मनात होतं. हे दोन्ही एकत्रच होतं, आणि त्यातलं कुठलं मोठं होतं ते मला आजही सांगता येत नाही.

अर्बाबनं माझं नाव घेऊन तुला संघातून काढलं, आणि त्या संध्याकाळी तू साध्या कपड्यांत स्टँडमध्ये बसलास. नऊ नंबरचा शर्ट खमीसला दिला. खमीस मच्छीमाराचा मुलगा, वीस वर्षांचा, दिवसा पिकअपमधून मासे पोचवायचा. तो सगळ्या मैदानभर पळाला आणि एकदाही बॉलच्या जागी नव्हता. आपण पेनल्टीवर हरलो. पहाटे निघालेली बस संध्याकाळी सहमला पोचली. तेवढ्या वेळात तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. शिव्या दिल्या असत्यास तर मला चाललं असतं.

पुढचे तीन आठवडे तू टेबलावर आला नाहीस. मस्कतच्या सर्जननं गुडघा उघडला आणि सांगितलं की हा पाय आणखी दोन-चार सामने खेळला असता तर चालायलाही काठी लागली असती. ते त्यानं तुलाही सांगितलं, मलाही. मला वाटलं, आता तू बोलशील. नाही बोललास.

नाताळला मार्था स्वतः तुझ्या खोलीवर जाऊन तुला घरी घेऊन आली. तू कुबड्या घेऊन आलास. नाताळचे तळलेले फुगे खाल्लेस, मार्थाच्या स्वयंपाकाचं कौतुक केलंस, अनिताला कागदाचं विमान करून दिलंस. निघताना मला म्हणालास, "हॅपी क्रिसमस, मालिशवाले." माझं नाव घेतलं नाहीस. तू गेल्यावर मी मागच्या अंगणात जाऊन भांडी घासत बसलो, मार्था नको म्हणत होती तरी.

आणि मग जानेवारीत, एका दुपारी, तू माझ्या खोलीचं दार ढकललंस, कुबड्या भिंतीला लावल्यास, टेबलावर आडवा झालास आणि म्हणालास, "यल्ला, इनास." म्हणजे चल, सुरू कर. बस. तेवढंच. मी तेलाची बाटली घेतली. डावा गुडघा सोडून पाठीपासून सुरुवात केली.

तुझं खेळणं संपलं होतं. लोकांना वाटलं तू परत जाशील. तू अर्बाबकडे गेलास आणि म्हणालास, मला खमीस द्या. ऑस्ट्रियातल्या पेपरनं हे छापायला हवं होतं. तुझी पुढची तीन वर्षं खमीसला उभं राहायला शिकवण्यात गेली. समुद्रावर, ओल्या वाळूत, तू काठीनं एक वर्तुळ आखायचास आणि खमीसला त्यात उभं करायचास. तो वैतागायचा. वाऱ्यासारखा पळणारा पोरगा, त्याला बाहुल्यासारखं उभं राहायला सांगत होतास. तू एकच गोष्ट म्हणायचास, इंग्रजीत, आणि मी ती माझ्या मोडक्या अरबीत सांगायचो: थांब, बॉल तुझ्याकडे येईल.

ज्या दिवशी तो पहिल्यांदा खरंच थांबला आणि बॉल त्याच्याकडे आला, तो सामना मला अजून आठवतो. कॉर्नर होता. सगळे उड्या मारत होते आणि खमीस मधोमध शांत उभा. बॉल त्याच्या कपाळाला लागून आत गेला. तो गोल करून गर्दीकडे न जाता तुझ्याकडे धावत आला. तू खुर्चीतून उठलास. डाव्या पायावर सगळं वजन टाकून उठलास, मी बघितलं. तुझ्या लक्षातही आलं नाही.

दोन वर्षांत आपला क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये गेला. खमीसचं नाव मस्कतपर्यंत पोचलं. आता तो क्लब दुसऱ्या क्लबात मिसळला, जुनं नाव कुणी घेत नाही. पण सहमच्या दुकानांतून अजूनही 'नमसावी'ची आठवण निघते. नमसावी म्हणजे अरबीत ऑस्ट्रियावाला. कातरीना, हे तुझ्यासाठी लिहितोय: तुझ्या वडिलांना तिथे आजही लोक विचारतात.

तू परत जायचं ठरवलंस कारण कातरीना तेरा वर्षांची झाली होती आणि फोनवर कमी बोलायला लागली होती. अर्बाबनं निरोपाचा सामना ठेवला. मी ठरवलं होतं की तू शेवटची दहा मिनिटं खेळायचंस. अर्बाबला मीच गळ घातली. नवा नऊ नंबरचा शर्ट आणला, गुडघ्याची पट्टी आणली, तुला खोलीत बसवलं आणि पट्टी उलगडायला लागलो. तू माझा हात धरलास.

"मी खेळलो तर तुला बरं वाटेल, इनास. मला नाही."

मला राग आला. एवढं सगळं जमवलं होतं आणि तू असं म्हणालास. मी म्हटलं, मी तुझा शेवटचा सामना काढून घेतला, तो परत देतोय. तू मान हलवलीस. मग तू ते बोललास, जे सलालाहपासून तुझ्याकडे होतं.

"तू सांगितलंस ते बरोबर होतं. पण आधी माझ्याकडे यायला हवं होतंस. मी ओरडलो असतो. पण मी मोजा काढला असता."

मोजा! तू मला दारात बघितलं होतंस का रे? की तू फक्त खेळायची तयारी सोडून दिली असती एवढंच म्हणत होतास? मी त्या वेळी विचारलं नाही, नंतर विमानतळावर विचारलं नाही, एवढ्या नाताळांना डोंगरांचे फोटो असलेली तुझी कार्डं आली, तेव्हाही विचारलं नाही. सात वर्षं गेली त्याला. आता कोणाला विचारू?

त्या दिवशी आपण दोघांनी सामना स्टँडमध्ये बसून बघितला. सलालाहला तू एकटा बसला होतास, या वेळी मी शेजारी होतो.

कातरीनानं फोन ठेवायच्या आधी आणखी एक गोष्ट सांगितली. तू घराच्या मागच्या डोंगरावर रोज चढायचास. कुरणापर्यंत, तासभर वर आणि तासभर खाली. आजार अंगात मुरल्यावरही, अगदी गेल्या महिन्यापर्यंत. लहानपणी तिनं गुडघ्यावरच्या टाक्यांबद्दल विचारलं होतं तेव्हा तू तिला म्हणाला होतास, हा पाय मला ओमानमधल्या एका माणसानं दिला. तिला माझं नाव माहीत होतं ते त्यामुळे.

तिला सांगितलंस, एर्विन. मला का नाही सांगितलंस? मी तुझ्या कार्डांवरची प्रत्येक ओळ दोनदा वाचत होतो, कुठे काही लिहिलंय का बघायला. हवामान, कातरीनाचं शिक्षण, मार्थाला नमस्कार. तू हे एकदा लिहिलं असतंस तर मी ते कार्ड मी आता काम करतो त्या रुवीच्या क्लिनिकमध्ये टेबलासमोर लावून ठेवलं असतं. पण तू गोल केल्यावरही कधी हात उंचावले नाहीस. तुझ्याकडून ही अपेक्षा मी कशी करत होतो?

चल, आता थांबतो. अनिता आलीय, तिला हे वाचून दाखवायचंय. पण आणखी एक सांगायचं आहे. परवा खमीस माझ्याकडे आला होता. आता तिशीचा आहे, तीन मुलं आहेत, अजून खेळतो. त्याला तुझी बातमी मीच दिली. तो टेबलाच्या कडेला बसला. मग आडवा झाला आणि मी त्याचा उजवा घोटा हातात घेतला. एर्विन, तो घोटा संपलाय. हाडावर हाड घासतंय, माझ्या बोटांना कळतं. त्यालाही माहीत आहे. मला म्हणाला, इनास, इन्शाल्ला अजून एक हंगाम, क्लबला सांगू नकोस. मी त्या वेळी काहीच बोललो नाही. तुझ्या बातमीनं दोघंही हललो होतो, असं मी स्वतःला सांगितलं.

उद्या तो पुन्हा येणार आहे. मी तुला वचन देतो, उद्या मी त्याच्या क्लबला फोन करणार नाही, आणि गप्पही राहणार नाही. मी दार लावीन, त्याला टेबलावर बसवीन आणि सगळं त्याच्याच तोंडावर सांगेन. तो ओरडेल. ओरडू दे. मी तिथेच उभा राहीन.

तुझा,
इनास
रुवी, मस्कत